मागे लागलेला कॉम्प्युटर : वाचकांचे प्रश्न, फिटरकाकांची उत्तरं

मागच्या अंकात जॉयस्टिक कोणती घ्यावी यावर लिहिलं आणि पत्रं आली ती भलत्याच विषयावर. बहुतेकांचं रडगाणं एकच : विमानांच्या लढाईच्या गेममध्ये कॉम्प्युटरचं विमान शेपटीला लागलं की सुटका नाही. तेव्हा या वेळचा सगळा मजकूर बचावाचा. हल्ला कसा करायचा ते पुन्हा कधीतरी. नव्या वाचकांसाठी एवढंच, की मी हवाई दलात इंजिन फिटर होतो, पायलट नव्हतो. खऱ्या विमानाशी माझा संबंध काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडण्यापुरता. उडवायला शिकलो ते निवृत्तीनंतर, नागपुरातल्या घरी, कूलरच्या घरघरीत.

प्रश्न : काका, नमस्कार. मी बारावीत आहे. ‘आयएल-टू १९४६’ या गेममध्ये वाइल्डकॅट हे अमेरिकी लढाऊ विमान घेऊन जपानी झीरोशी लढतो, सगळ्यात कठीण लेव्हलवर. तो मागे आला की मी जॉयस्टिक पोटाशी ओढून जोरात वळतो. स्क्रीन काळी पडेपर्यंत वळतो. तरी मिनिटाच्या आत मेलेला असतो. काहून?
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर : बेटा, झीरोशी वळण्याची चढाओढ करायची नाही, हे अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांना १९४२ सालीच कळून चुकलं होतं. झीरो हलका आहे. कमी वेगात तो तुझ्या वाइल्डकॅटपेक्षा केव्हाही लहान घेरात वळणार. तिथे तू कितीही दात-ओठ खाल्लेस तरी उपयोग नाही.

पण तुझं मरण मला त्याहून साध्या कारणाने येताना दिसतंय. तू एकदा वळायला लागलास की वळतच राहतोस. तीच बाजू, तोच कल, तेवढाच जी (वळताना अंगावर येणारा भार, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत). मागे माणूस असता तर तुझ्या किती पुढे नेम धरायचा हे कळायला त्याला दोन-तीन झडी फुकट घालवाव्या लागल्या असत्या. कॉम्प्युटरला तुझा वेग, तुझं वळण, स्वतःच्या गोळीचा वेग, सगळे आकडे आयते मिळतात. वळण एकसारखं राहिलं की त्याचं गणित सुटलं.

हे गणित जरा जवळून बघ. झीरोच्या पंखांतल्या २० मिलिमीटरच्या तोफा तशा संथ. गोळा नळीतून निघतो तो साधारण सेकंदाला ६०० मीटर या वेगाने. तू ३०० मीटर पुढे असशील तर गोळा पोहोचायला अर्धा सेकंद. तेवढ्या अर्ध्या सेकंदात ४ जीने ओढणारं विमान सरळ रेषेपासून जवळपास ५ मीटर सरकतं. कॉम्प्युटर हे ५ मीटर धरूनच गोळी सोडतो. त्याच सुमाराला तू ओढ ढिली केलीस किंवा पंख फिरवून दुसरीकडे ओढलंस, तर गोळा जातो तिथे तू नसतोस. वाइल्डकॅटचं धड काही ५ मीटर जाड नाही.

म्हणून वळ, सेकंद-दीड सेकंद वळण धर, मग ओढ सोड, साठ-सत्तर अंश रोल कर, म्हणजे विमान कुशीवर फिरव, आणि पुन्हा ओढ. एकदा नाक क्षितिजाच्या थोडं खाली, पुढच्या वेळी वर. ताल मात्र धरू नकोस, ठरावीक ठेक्यावर केलंस तर तेही वळणच झालं. रोल करता करता उलट्या बाजूचा रडर (शेपटीचं सुकाणू) थोडा दाबून ठेवलास तर आणखी बरं. नाक एकीकडे दिसतं आणि विमान जातं दुसरीकडे. बरीच पोट्टी नुसते पंख डावी-उजवीकडे हलवत सरळ उडत राहतात. रोल करून ओढलंच नाही तर विमानाची वाट बदलत नाही, मागच्याला फक्त करमणूक होते.

पहिलं कडक वळण कधी घ्यायचं, यावर निम्मी लढाई ठरते. तो १००० मीटरवर असतानाच जीव तोडून वळलास तर त्याला वाट बदलायला भरपूर सवड मिळते आणि तुझा वेग तेवढा संपतो. २०० मीटरपर्यंत थांबलास तर बोलणंच संपलं. पाचशे-सहाशे मीटरच्या आसपास, तो फारच वेगात असेल तर थोडं आधी, त्याच्याच दिशेने वळायचं. पळून जावंसं वाटतं, पण पाठ द्यायची नाही. जर्मन वैमानिक ऑस्वाल्ड बोल्के याने १९१६ मध्ये आपल्या वैमानिकांना नियम घालून दिले होते, त्यातला एक हाच आहे : शत्रू वरून झेपावला तर त्याला चुकवत बसू नका, त्याच्या अंगावर जा.

वेगात आलेल्याला मग तुझ्यामागे वळता का येत नाही, तेही आकड्यात सांगतो. ५ जीने वळताना ताशी ४०० किलोमीटर वेगाला घेराची त्रिज्या येते सुमारे २६० मीटर. तोच ५ जी, पण वेग ६००, तर त्रिज्या जवळपास ५८०. वेग दीडपट झाला आणि घेर सव्वादोनपट. व्हरायटी चौकात ऑटो एकदम डावीकडे घुसला की मागून सुसाट आलेला बाइकवाला जसा सरळ पुढे निघून जातो, तसा तो निघून जातो. तो पुढे गेला रे गेला की त्याच्यामागे लागायचा मोह होतो. अंगात वेग असेल तर खुशाल लाग. नसेल तर नाक खाली घाल आणि अंतर वाढव. वाचलास हेच त्या फेरीतलं काम होतं.

खास झीरोसाठी अजून एक. जून १९४२ मध्ये अकुतान बेटावर उतरताना उलटलेला एक झीरो पुढे अमेरिकनांना जवळजवळ अखंड सापडला. त्यांनी तो दुरुस्त करून उडवून पाहिला. ताशी ३७० किलोमीटरच्या पुढे त्याचे एलेरॉन, म्हणजे रोल करायच्या पंखांवरच्या पट्ट्या, दगडासारखे जड व्हायचे, उजवीकडचा रोल तर डावीकडच्यापेक्षाही जड. शिवाय नाक झटकन खाली ढकलून निगेटिव्ह, म्हणजे उलटा, जी लागला की कार्ब्युरेटरमुळे इंजिन गचके खायचं. त्यावरून त्यांच्या वैमानिकांना सल्ला मिळाला : सूर मारा, वेग येऊ द्या आणि उजवीकडे रोल करून वळा. तुलाही हेच सांगतो, फक्त त्यासाठी खाली उंची शिल्लक हवी. ३००० मीटरच्या खाली झीरोच्या वाटेला जाऊ नकोस.

आणि जोडीदाराला विसरतोस तू. अमेरिकी नौदलाच्या जॉन थॅच यांनी १९४१ मध्ये घरच्या टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडून युक्ती शोधली. दोन विमानं शेजारी अंतर ठेवून उडणार, एकाच्या मागे झीरो लागला की दोघं एकमेकांच्या दिशेने वळणार. मागे लागलेला आपोआप दुसऱ्याच्या बंदुकीसमोर येतो. जून १९४२ च्या मिडवेच्या लढाईत त्यांनी ती वापरली. कॉम्प्युटरचा जोडीदार आपणहून असं वळत नाही. पण त्याला ‘कव्हर मी’चा हुकूम दे आणि शत्रूला ओढत त्याच्या नाकासमोरून ने, एवढ्यानेही जीव वाचतो.

प्रश्न : काकासाहेब, मी बँकेत नोकरीला आहे. मुलं झोपली की डीसीएस या गेममध्ये सेबर हे अमेरिकी जेट घेऊन सोव्हिएत मिग-१५ शी लढतो. माझं स्पष्ट मत झालं आहे की कॉम्प्युटर चीटिंग करतो. वळताना माझा वेग संपतो, त्याचा संपतच नाही. तुमचं काय म्हणणं?
– एक वाचक, खामला

उत्तर : थोडंफार करतोच, साहेब. तुमचा संशय वाजवी आहे. डीसीएसमध्ये तुमचं विमान बारीकसारीक हिशेबाने उडतं, कॉम्प्युटरची विमानं मात्र सोप्या केलेल्या हिशेबावर. प्रोसेसरवर भार नको, म्हणून केलेली ती तडजोड आहे. तिचा फायदा त्याला मिळतो. जुन्या आयएल-टूमध्ये तर तो ढगाच्या आरपार तुम्हाला बघायचा. सूर्याच्या आडून जाऊन काही होत नाही, शेपटीखाली लपूनही नाही. त्याची मान दुखत नाही आणि घामाने त्याची पकड सुटत नाही.

पण चिडून उपयोग काय? त्याच्या जमेच्या बाजूवर पैज लावायची नाही, एवढं पाळा. माणसाविरुद्ध मी हळू सिझर्स आवडीने खेळतो. दोघं एकमेकांना छेदत, वेग कमी करत, आधी कोण पुढे सरकतो ते बघायचं. माणूस घाबरतो, थोडं जास्त ओढतो आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे वेग संपून पडायला लागतं. कॉम्प्युटर स्टॉलच्या काठावर तासभर बसून राहील. म्हणून त्याच्याशी वेग कमी करायची शर्यत मी तरी लावत नाही.

वर जाण्याचीही नाही. दोन्ही इंजिनांचा जोर जवळपास सारखा आणि मिगचं वजन सेबरपेक्षा बरंच कमी, तेव्हा चढाईत तो तुम्हाला मागे टाकणारच. यात चीटिंग नाही, हे वजनाचं गणित आहे. इंजिनवाल्याचा शब्द माना.

मग उरतं काय? त्याचा दारूगोळा. मिग-१५ मध्ये ३७ मिलिमीटरची एक तोफ आणि २३ च्या दोन. ही विमानं बॉम्बर पाडायला बनवलेली. मोठ्या तोफेला गोळे ४०, आणि ती मिनिटाला साधारण ४०० या चालीने चालते. म्हणजे सलग दाबली तर सहा सेकंदांत रिकामी. छोट्या तोफांना प्रत्येकी ८० गोळे. वळण मधेच मोडून दिशा बदलायची वर सांगितलेली युक्ती सेबरलाही तशीच लागू आहे. कॉम्प्युटर लांबून गोळ्या सोडायला कचरत नाही. त्याला तिरक्या, बदलत्या कोनातून नेम धरायला लावा आणि उडवू द्या. तोफा रिकाम्या झाल्या की बहुतेक वेळा तो घरचा रस्ता धरतो, आणि घराकडे वळलेला मिग म्हणजे तुमच्यासमोर आलेली शेपूट.

उंची हाताशी असेल तर खाली जाणारी गिरकी घ्या. थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा) थोडा मागे, नाक खाली, घट्ट वळण. उंची खर्चून वेग टिकतो, आणि सोप्या हिशेबातून त्याला मिळालेली सवलत इथे सपाट वळणाएवढी टोचत नाही. हजार-दीड हजार मीटर राहिले की गिरकी मोडून सरळ व्हा. मोह आवरा, मिगच्या नादात जमिनीत गेलेली सेबर मी पुष्कळ पाहिली आहेत.

आणि हा सल्ला कुणाला रडीचा वाटेल, पण मी बिनदिक्कत देतो : त्याला ओढत आपल्या विमानतळावर न्या. माणूस विमानविरोधी तोफा दिसल्या की मागे फिरतो. कॉम्प्युटर तुमच्या शेपटीमागे सरळ त्यांच्यावरून जातो. चीटिंगचा हिशेब फिटला.

प्रश्न : नमस्कार. माझा मुलगा विमानाचा गेम खेळताना सारखा मान वळवून मागे बघण्याचं नाटक करतो. स्क्रीन तर समोर आहे! आता मान टिपणारं महागडं यंत्र हवं म्हणतो. खरंच लागतं का हो?
– एक आई, धरमपेठ

उत्तर : ताई, नाटक नाही ते. मागे न बघता बचाव करताच येत नाही, आणि जॉयस्टिकवरच्या छोट्या बटणाने मागे बघायचं म्हणजे हात भलत्या कामात अडकतो. पण महागडं यंत्र लगेच नको. ‘ओपनट्रॅक’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते साध्या वेबकॅमवरून मानेची हालचाल ओळखतं. मान थोडी वळवली की कॉकपिटमधलं दृश्य पुष्कळ वळतं, त्यामुळे नजर स्क्रीनवरच राहते. चेहऱ्यावर नीट उजेड पडेल असा दिवा लावून द्या, अंधारात कॅमेरा गोंधळतो. हे वापरून दोन-तीन महिने टिकला तर वाढदिवसाला यंत्राचं बघा.

प्रश्न : स. न. वि. वि. १९६५ च्या युद्धात आपल्या हवाई दलाच्या छोट्या नॅट विमानांनी पाकिस्तानची सेबर पाडल्याच्या बातम्या आम्ही रेडिओला कान लावून ऐकल्या. आता नातवाने त्याच्या कॉम्प्युटरवर असंच एक छोटं जेट उडवायला दिलं, तर सेबर मला सहज पाडतात. एवढंसं विमान खऱ्या युद्धात टिकलं कसं?
– एक ज्येष्ठ वाचक, महाल

उत्तर : आजोबा, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. खरं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. ‘एवढंसं’ हीच त्याची ढाल होती. सेबरचा पंखविस्तार ११ मीटरच्या वर, नॅटचा ७ मीटरही नाही. दोन-तीन किलोमीटरवरून नॅट डोळ्याला सापडायचं नाही, सापडलं तर वळताना पुन्हा हरवायचं. ३ सप्टेंबर १९६५ ला स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांनी सेबर पाडल्याची नोंद आहे. त्या दिवशी आपलीच मिस्टेअर जेट विमानं उंचावरून आमिष म्हणून गेली आणि नॅट खालून, रडारच्या नजरेआड. शत्रूला दिसलीच नाहीत तोवर.

कॉम्प्युटरला डोळे नाहीत, त्याच्याकडे यादी असते. तुम्ही कुठे आहात हा त्या यादीतला एक आकडा. विमान बॉम्बरएवढं असो की नॅटएवढं, त्याला फरक पडत नाही. म्हणजे छोट्या विमानाची निम्मी ताकद गेममध्ये आपोआप वजा होते आणि उरतो तो नुसता चपळपणा. नातवाला म्हणावं, शत्रूची लेव्हल दोन पायऱ्या उतरव, मग लढाई जराशी खऱ्यासारखी होईल. कमी लेव्हलचा कॉम्प्युटर उशिरा वळतो, नेम चुकवतो. माणसाला शोधायला जो वेळ लागतो, त्याची थोडी भरपाई होते.

१४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों नॅट घेऊन उडाले आणि सेबरच्या घोळक्याशी एकटे लढले. हवाई दलातलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं, मरणोत्तर. त्या लढाईवर ‘त्यांनी असं वळायला हवं होतं’ अशा गप्पा मारणारी पोट्टी भेटतात. त्यांना मी थ्रॉटल हातात देत नाही. उडताक्षणी खाली उंची नाही, अंगात वेग नाही, आणि शत्रू आधीच वर. बचावाची जी काही शिदोरी मी वर सांगितली त्यातलं पहिल्या मिनिटाला त्यांच्या हाती काहीच नव्हतं.

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर राहते. सराव कसा करायचा ते कुणीच सांगत नाही. सगळे म्हणतात, खेळत राहा, येईल. येत तर नाहीये!
– एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : नाहीच येणार, बेटा. साध्या लढाईत दहा मिनिटं शत्रू शोधण्यात जातात आणि बचावाची वेळ येते अर्धा मिनिट. तेवढ्यात मेलीस की पुन्हा दहा मिनिटं. शिकायला वेळच मिळत नाही.

गेममधलं मिशन एडिटर उघड, तिथे लढाई आपल्याला हवी तशी मांडता येते. तुझं विमान ४००० मीटरवर ठेव, शत्रू तुझ्या बरोबर मागे ८०० मीटरवर, दोघांचा वेग सारखा, लेव्हल मधली. तुझ्या विमानातल्या गोळ्या काढून टाक. हे महत्त्वाचं आहे. गोळ्या असल्या की बचाव अर्धवट सोडून तू त्याच्यावर नेम धरायला जाशील, मी ओळखतो ही सवय. उद्दिष्ट एकच, दोन मिनिटं जिवंत राहायचं. जमलं की शत्रूला ३०० मीटर वर उचल आणि वेग वाढव. मग दोन शत्रू. लेव्हल सगळ्यात शेवटी वाढव, कारण वरच्या लेव्हलला तुझी चूक आणि त्याची सवलत यातला फरक कळत नाही.

सराव करताना तोंडाने बोल. ‘पाचशे मीटर, वळले, ओढ सोडली, रोल.’ रूममेट हसेल, हसू दे. बोलल्याने हात घाई करत नाहीत, आणि आपण कुठे गप्प झालो ते लक्षात येतं. बहुधा तिथेच गोळी लागलेली असते.

मेल्यावर लगेच नवीन डाव सुरू करू नकोस. रेकॉर्डिंग लाव आणि कॅमेरा शत्रूच्या विमानावर ने, त्याच्या नाकाच्या रेषेतून स्वतःकडे बघ. तो गोळी सोडतो त्या क्षणी पॉज कर. त्याच्या आधीच्या दोन सेकंदांत तुझं विमान काय करत होतं ते वहीत लिही. तू वळणातून सरळ झाली होतीस का? मागे बघण्याच्या नादात नाक खाली गेलं होतं का? वेग २५० च्या खाली होता का? आठ-दहा मरणं लिहून झाली की एकच कारण परत परत येताना दिसेल. ते मला पुढच्या अंकासाठी कळव, बाकीचं आपण तिथून पुढे बोलू. आणि हॉस्टेलची वीज जाते म्हणून लिहिलं आहेस, तर रेकॉर्डिंग दर वेळी हाताने सेव्ह करत जा. वीज गेली की तेवढंच हाती राहतं.